शेऱ्याचा रकाना

खोका उतरवला तेव्हा भुजंगरावांनी विचारलं,
"साहेब, हे कुठलं लिव्हलंय?"
एका बाजूला चार भाषा, दुसऱ्या बाजूला तीन,
मधोमध काळ्या शाईत एकच आकडा: ४११७.
भाषा मला एकही आली नाही.
आकडा तेवढा कळला.

कळमनुरीच्या सरकारी दवाखान्यात भांडारपाल मी,
सतरा वर्षं
आवक, जावक, शिल्लक
या तीन रकान्यांत मावलीत.

त्या महिन्यात नळीसकट मास्क,
लेकराच्या तोंडाला बसेल असा,
चाळीसचा साठ झाला, साठाचा एकशे दहा.
नांदेडचा डीलर फोनवर हळहळायचा,
"तुमच्यासाठीच ठेवलाव हो,
पण सेनगाववाले दहा जास्त द्यायलेत."
मी अकरा वाढवले.
झोप लागेना म्हणून रात्री सेनगावला फोन लावला.
घुगेबाई म्हणाल्या, "अहो, मला तर तो सांगायलाय
कळमनुरीवाले दहा जास्त द्यायलेत म्हणून!"

दोघंही गप्प.
मग त्या हसल्या, हसता हसता खोकल्या.
बोली लावणारं तिसरं कुणी नव्हतंच.
जुन्या मोंढ्यात हळदीच्या ढिगापाशी
रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा,
तसे आम्ही एकमेकांची बोटं पिळत होतो
रुमाल मात्र त्याचा.

सकाळी औंढ्याच्या तस्लीमलाही घेतलं.
तिघांची मागणी एका कागदावर, भाव एक.
डीलरनं दोन दिवस फोन उचलला नाही.
तिसऱ्या दिवशी सत्तरवर आला.
जिंकलो असं म्हणवत नाही.
ते दोन दिवस वॉर्डात फार लांब होते,
त्यांचं मी इथं लिहीत नाही.

हा खोका त्यानंतरचा.
सोबतच्या कागदावर होतं:
कुठल्या कुठल्या देशांनी पैसे एका ठिकाणी टाकून
एकदाच मोलभाव करून
ही खरेदी केली आहे.
म्हणजे तिकडंही कुणाला तरी झोप लागली नसणार.
शेजारच्या देशाला फोन लावून
हळूच विचारलं असणार,
"तुम्हाला काय भाव सांगायलाय?"
कुठल्या भाषेत, कोण जाणे.

४११६ कुठं उतरला असेल?
४११८ ची वाट बघणारा,
चष्मा कपाळावर सारून फाटकात उभा असेल का?
त्याच्याकडंही असेल एखादा भुजंगराव,
तंबाखू मळत "येतंय हो, येतंय" म्हणणारा?

खोका उघडला. पन्नास हवे होते.
भरले एकोणपन्नास.
पुन्हा मोजले, जमिनीवर दहा-दहाच्या रांगा लावून.
शेवटच्या रांगेत एक जागा मोकळी.
कंपनीची पट्टी कापलेली,
वरून दुसरी लावलेली, चारही कडा दाबून, सुरकुती न पडू देता.
चोर एवढं नीट चिकटवत नाही.
वाटेत एखाद्या गोदामात, धक्क्यावर,
रात्रपाळीच्या हमालाचं लेकरू
धापा टाकत असेल.
किंवा नसेलही.
मला असं वाटून घ्यायला आवडलं, एवढंच.

वीस सेनगावला, एस. टी. च्या कंडक्टरच्या सीटमागं.
दहा औंढ्याला, तस्लीम स्वतः येऊन घेऊन गेला,
चहाला थांबला नाही.
उरलेल्या एकोणिसांवर हात ठेवतोय
तोवर वॉर्डातून चिठ्ठी: तीन.

मग रजिस्टर.
आवक: एकोणपन्नास.
शेऱ्यात "एक कमी" लिहायचं असतं.
त्यावर खुलासा मागतात, खुलाशावर पुन्हा खुलासा.
पेन धरून बराच वेळ बसलो.
लिहिलं: "एक वाटेत वापरात."
सही. तारीख.
ऑडिटवाला विचारील, कुणाच्या?
बघू तेव्हाचं तेव्हा.

संध्याकाळी भुजंगरावांनी रिकामा खोका मागितला,
कोंबडी अंड्यांवर बसवायची होती.
न्या म्हटलं.
सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधून गेले,
आकडा बाहेरच्या बाजूला.